पाठ कागदाला

खडेबाजारात भांड्यांच्या दुकानावर आमचा चित्रवर्ग.
खालून दिवसभर पितळेवर ठोके,
आणि वर रविवारी दहाच्या ठोक्याला
लुमाण्णा मोदगेकर शर्ट काढून स्टुलावर बसायचे.
तासाला ऐंशी रुपये, मध्ये एक चहा.
रात्री उद्यमबागेत फौंड्रीच्या गेटवर पहारा,
त्याआधी कधीतरी बारा वर्षं लाल मातीत.
कान फुटलेले, वाळल्या आल्यासारखे.

पोरं त्यांना हवा तसा पैलवान काढायची,
छाती फुगवलेली, शड्डू ठोकलेला,
मागे उगीचच एक डोंगर.
जो माणूस समोर बसून डुलक्या आवरत होता
तो कुणाच्याच कागदावर नव्हता.
हलगेकर सर वैतागायचे:
"दंड काय बघताय रे, उजेड बघा.
उजेडाला पैलवान कळत नाही."

एकदा त्यांनी जुन्या परदेशी पुस्तकातले छापे आणले.
फळ्यावर लिहिलं दृक्प्रत्ययवाद, खाली दोन रेघा.
बोटीत बायका, बागेत बायका,
टबात पाय सोडून मान पुसणाऱ्या बायका,
आणि कडेकडेनं उंच टोपीतले काळे कोट,
उभे. बघत.
सगळं ऊन बायकांच्या अंगावर,
पुरुषाच्या वाट्याला फार तर एक बटण चमकलेलं.

मग एक छापा निघाला:
तीन माणसं उघडी, गुडघ्यांवर,
कुणाच्या तरी दिवाणखान्याची लाकडी जमीन तासतायत.
खिडकीतून आलेली दुपार
आधी जमिनीवरून, मग त्यांच्या पाठींवरून घरंगळलेली,
कुरळ्या साली, कडेला एक बाटली.
लुमाण्णा बैठक मोडून स्टुलावरून उतरले.
"सुतार हायत. दंडात काय नाही ह्यांच्या."
जरा थांबून,
"पण कंबर खरी दुखालीय."

पुढचं पान सरांनी घाईनं उलटलं,
तरी पोरं हसायची ती हसलीच:
एक माणूस आंघोळ करून पाठमोरा उभा,
स्वतःला पुसतोय,
जमिनीवर ओली पावलं.
"मागं घ्या की वो ते."
बैल विकत घेताना बघावं तसं
लुमाण्णांनी त्याला बराच वेळ बघितलं.
"ह्याचं कोण नाही काय घरात?
मधल्या पाठीला हात पोचत नाही कुणाचा."
खाली कुणीतरी परात ठोकत होतं,
तेवढंच ऐकू येत राहिलं.
भारताक्का जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली.
मला हे चहावाल्यानं सांगितलं, पुष्कळ उशिरा.

एप्रिलात करंट गेला त्या रविवारी
सगळे लवकर पांगले.
लुमाण्णा गॅलरीतल्या नळाखाली वाकले,
तांब्याभर पाणी मानेवरून, अजून एक,
मग पंच्याची दोन टोकं धरून
मागच्या मागे घासत राहिले,
चुकत राहिले.
मी म्हटलं, "मामा, असंच थांबा."
"असं कशाला काढालीस? ह्यात मी कुठं हाय?"
पण थांबले.

सावलीत काळा नसतो, सर सांगायचे.
नव्हताच.
पात्यांच्या मध्ये जांभळं, बरगडीला निळं,
कानामागे खानापुरी कौलाचा थोडा रंग.
खांदे मला वाटले होते त्याहून खूपच उतरलेले होते.
मी ते उतरलेलेच ठेवले.

पंचा पिळत त्यांनी कागद पाहिला.
"बारा वर्षं पाठ मातीला लागू दिली नव्हती, पोरी.
तू कागदाला लावलीस."
रागावले की काय, कळलं नाही.
"साकु आता," म्हणत शर्टात शिरले,
बटण एक चुकून वर-खाली,
आणि जिना उतरले.

कडाप्प्यावर त्यांची ओली पावलं राहिली होती.
मी पुन्हा पेटी उघडली.
डावा पाय बघता बघता उडून गेला,
म्हणून उजव्यापासून सुरुवात केली,
टाचेकडून.